ढेकीचं लाकूड

मी आसगावचा. आमच्याकडं पाहा तं चारी बाजूनं धानच धान, दुसरं काय रायते. मी रांगत होतो तवाच माय गेली, बापही तिच्या मांगं गेला, मंग मावशीनं मले उचललं. तिचा नवरा कवाचाच मेला होता, लेकरू नाई. अंगनात ढेकी होती, लाकडाचं लांब धूड, एका टोकाले मुसळ, दुसऱ्या टोकावर पाय देऊन दाबाचं न सोडाचं, दाबाचं न सोडाचं. गावचं धान कांडाची न मजुरीत कनी घ्याची, तेच आमचं जेवन, त्यातच माही शाळा. त्या धप् धप् आवाजात मी पाढे पाठ केले, काय सांगू तुमाले.

बारावी पास झालो, ऐंशीच्या आगंमागं. मावशी साऱ्या गावाले सांगत फिरे, आमचा पोट्टा भंडाऱ्याच्या कालेजात जाते. मी म्हनलं नाई जात. काहून रे, म्हने. आता काय सांगाव तिले, तिच्या टाचा फाटून रक्त येऊन राहिलं होतं न मी आनखी बसून खाऊ? मनात एकच, लवकर हाताले काम लागावं न हिचं कांडनं बंद व्हावं. पवनीले टायपिंग शिकाले गेलो, बोटं जाड, एका अक्षराच्या जागी दोन पडत. फौजेच्या भरतीत गेलो, छातीत हवा भरून उभा राहिलो तं साहेब हासला, म्हने जा बेटा, पहले घर जाके खाना खा. शेवटी तुमसरले राईस मिलमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. न खोटं कायले बोलू, इंजिन सुरू झालं का मले लय आनंद व्हाचा, कालेजाची आठवनही नाई आली.

मंग मिलमधली धान सोलाची जुनी मशीन, हलर म्हनते तिले, ती भंगारात निघाली. मिस्त्रीनं सुधरून मले देली, म्हने तुह्या गावात लाव. आता ती चालवाले इंजिन बसवाचं म्हनजे खाली मजबूत लाकूड पायजे, नाईतं थरथरून उखडते. बिजा म्हनजे जंगलातलं टनक झाड, त्याचं तसं जुनं लाकूड मले एकाच ठिकानी दिसलं. मावशीले म्हनलं, ढेकी आता कायले पायजे तुले, नेऊ का लाकूड? मोठ्या ऐटीत म्हनलं बरं का. ती जराशी पाहत राहिली, म्हने ने बापा. स्वतः कुदळ आनून खुंट उकरू लागली.

पयल्या दिवशी सारा गाव जमा. पयलं धान मावशीचंच टाकलं. कोनाची बिडी विझाच्या आत टोपलंभर तांदूळ खाली. लोकं टाळ्या पिटून राहिले न मी मावशीकडं पाहतो तं ती त्या फिरत्या पट्ट्याकडं पाहत उभी, न तिचा उजवा पाय जमीन दाबून राहिला, सोडून राहिला. तिले मालूमच नाई. मले म्हने, झालं? म्हनलं, झालं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंगनात धान घेऊन कोनी आलं नाई. मी म्हनलं बसून खा, मी हावो ना. जिनं जन्मात कोनाच्या हातचं खाल्लं नाई तिले मी ताटावर बसवलं. जेवताना म्हने, मले काई काम दे ना रे. कोंडा चाळाले ये म्हनलं तं आली नाई, आवाजानं डोकं दुखते म्हने. टाचा मात्र भरून आल्या, हेही खरं हाये. पन शेवटी खाटेवर पडली तवाही तो उजवा पाय हलाचा, न मी तो धरून बसो. लय वाईट वाटे, भाऊ. अजून वाटते.

आता इंजिन गेलं, बिजलीची मोटर आली, खाली लाकूड तेच. नात औंदा बारावी झाली, म्हनते आबा, कालेजातच जाऊ का दुसरं काई पाहू? म्हनलं, तुह्या मनाले येईन ते कर बाई, सुखी राहा. पन ज्याच्यासाठी करशीन त्याले आधी विचार, तुले काय पायजे म्हनून. मावशीले मी ते कवा विचारलंच नाई. एवढंच विचारलं, लाकूड नेऊ का.