बारकीसाठी आलेले फोन

तिच्याच तोंडून ऐकायचंय म्हणजे काय? माझं तोंड काय भाड्यानं आणलंय? — नाही, राग नाही बाई, बसा, बसा तुम्ही, आलेल्या माणसाला दारात उभं ठेवणाऱ्यांतला मी नाही — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडे पलंगावर बसा. पण मी फोनवर तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, पोरीला त्या कामात रस नाही. सांगितलं होतं का नाही? मग एवढा जिना चढून यायचं काय कारण? अर्जावर पत्ता होता — असणारच, पत्ता मीच सांगितला तिला, आणि फोन नंबरही माझाच दे म्हणालो. शाळेपासून सगळीकडे माझाच नंबर आहे तिचा. तिचा स्वतःचा दर वर्षी बदलतो, आज हे कार्ड, उद्या ते कार्ड. ती आत्ता घरात नाही. इस्त्रीचे कपडे आणायला गेलीय कोपऱ्यावर, येईलच इतक्यात, म्हणून म्हणतो, काय ते झटपट बोला आणि — बरं, नका बोलू. मीच बोलतो.

तुमचं काम दातांच्या कवळ्या करायचं. ठीक आहे. म्हाताऱ्या माणसांना चावायला काहीतरी हवंच, कुणीतरी करायलाच हव्यात. माझ्या वडिलांना होती कवळी. रात्री पेल्यात पाणी घालून त्यात ठेवायचे, आणि मी लहान असताना एकदा अंधारात तहान लागली म्हणून तोच पेला — जाऊ दे. अजून शिसारी येते. आणि माझी मुलगी, रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, पहिल्या वर्गात पास झालेली, ती दिवसभर परक्या माणसांचे जबडे हातात घेऊन बसणार? — प्लास्टरचे असतात, माहीत आहे मला. सगळं सांगितलंय तिनं. तुमच्याकडे येऊन गेली त्या दिवशी जेवताना घास हातात तसाच आणि हिचं आपलं चालूच — बाबा, दाढेला वर उंचवटे असतात, बाबा, प्रत्येक उंचवट्याचा उतार वेगळा, बाबा, त्या बाईंनी मला मेणाचा ठोकळा दिला आणि म्हणाल्या, यातून कोरून दाखव. मी म्हटलं, बारके, जेवताना तरी नको. नखांत मेण होतं तिच्या, तशीच जेवत होती. आणि हसत होती. — हो, हसत होती, त्यात काय एवढं. पोरं कशालाही हसतात.

मग साबण सुरू झाला. तुम्हाला हे माहीत नसणार. मी सकाळी आंघोळीला बसलो, डोळ्यांत फेस गेलेला, चाचपडत वडी उचलली आणि अंगाला लावली तर काहीतरी टोचतंय. डोळे धुऊन बघतो — दाढ. अख्खी दाढ, खाली मुळांसकट. अर्धं अंग मी दाढेनं घासलं होतं. तिच्या आईला हसू आवरेना, दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसतेय. मला नाही हसू आलं. मला उबग आला. मग रोजचंच झालं ते, कपड्यांचा साबण घ्या, दाढ, भांड्यांचा घ्या, सुळा. म्हणायची, सराव करतेय, त्यांचा फोन आला तर हात बसलेला हवा. — आता नाही करत. आता साबण साधाच असतो. आता दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून असते, आई केस विंचरायला बसवते तेव्हा बसते. परवा मला म्हणाली, बाबा, माझ्यातच काहीतरी खोट असणार, इतक्या ठिकाणी जाऊन आले, एकानंही उलटून फोन केला नाही.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, तुझ्यात खोट नाही, त्या कागदात खोट आहे. तो बघा, भिंतीवर, तुमच्या डोक्याच्या वर. शेजारी तिचा फोटो, तो काळा झगा भाड्याचा, ती टोपी भाड्याची, मोठी होत होती म्हणून मागून दोन पिना लावल्यात. एवढा वेळ उन्हात बसवलं आम्हाला त्या समारंभात, आणि पाहुणे म्हणून जो आला होता, तो भाषण करता करता मध्येच फोनवर बोलला, आणि मग म्हणतो, मुलांनो, नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या द्या. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. कुणाला द्यायच्या नोकऱ्या? बापाला? मला तर आता त्या कॉलेजाच्या फाटकावरून जायचं म्हटलं तरी तोंड कडू होतं. पोरं आत घालतात, पोरं बाहेर काढतात, आणि बाहेर कुणी उभं नसतं.

हे मी ऐकून सांगत नाही बाई, रोज बघतो. लिफ्टमन आहे मी. उंच इमारत, वर सगळी ऑफिसं, काचेची दारं, आत गेलात की थंडगार. बटणं आता लोक स्वतःच दाबतात, मला ठेवलंय ते नुसतं स्टुलावर बसायला, चांगलं दिसतं म्हणून. पण दिसतं सगळं. ही पदवीवाली पोरं येतात ना, मला लांबूनच कळतं — फाईल छातीशी, बूट नवे आणि चावणारे, जाताना अत्तर. आणि लगेच खाली येतात. इतक्या लवकर की कधी कधी आधीच्या अत्तराचा वास लिफ्टमध्ये तसाच असतो. एक पोरगा होता, चांगला, माझ्याशी दोन शब्द बोलून वर गेला. पुढं काही महिन्यांनी तोच, जेवणाची पार्सलं घेऊन, त्याच मजल्यावर. मला म्हणाला, काका, पार्सलवाल्यांची लिफ्ट कुठली? मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. बोट दाखवलं फक्त.

आणि साहेब लोक. त्यातल्या एका साहेबांना, अगदी वरच्या मजल्याच्या, मी विचारलं. कधी कुणाला काही विचारलं नाही मी इतक्या वर्षांत, त्यांना विचारलं. म्हणाले, हो हो, मेल करायला सांगा तिला. केला तिनं. परत केला. आता साहेब लिफ्टमध्ये शिरले की मोबाइलमध्ये जे डोकं घालतात, ते दार उघडल्यावरच बाहेर काढतात. नमस्कार केला तर मोबाइललाच मान हलवतात. अशा माणसाला रोज वर न्यायचं, रोज खाली आणायचं. थुंकावंसं वाटतं, पण थुंकायचं कुठं, लिफ्ट मलाच पुसून घ्यावी लागते.

— काय म्हणालात? हो, बरोबर, मोठी ऑफिसं फोन करतच नाहीत. ती मेलवर. म्हणजे मेलही करत नाहीत. फोन करतात ते हे तुमच्यासारखे. — अहो, आले ना. आले का नाही, पुष्कळ आले. पण कसले, ते तर विचारा. रंगाच्या दुकानातून आला, भिंतीचे रंग मिसळायला मुलगी हवी, म्हणे रसायनशास्त्रवाली असेल तर उत्तम. म्हणजे डबे ढवळायला. पाण्याची तपासणी करतात तिथून आला, ते तर दोनदा बोलले, बाटल्या घेऊन हिंडायचं आणि नळाचं, विहिरीचं, कुठलं कुठलं पाणी भरून आणायचं आणि मग ते तपासायचं. नाल्यातलंसुद्धा, मी विचारलं, हो म्हणाले. एका शाळेची बाई होती, प्रयोगशाळेत मदतनीस हवी होती — आता मदतनीस म्हणजे काय, शिपाईच की. परीक्षानळ्या धुवायच्या. मग तुम्ही. मी कुणाशी वाईट बोललो नाही, अगदी नीट, आदरानं सांगितलं, ताई, साहेब, तिला दुसरीकडे लागली हो, नाहीतर तिला रस नाही हो, आभारी आहे. पदवी घेतलेल्या पोरीनं बाटल्या धुवायच्या तर मी ती कशासाठी शिकवली?

तिला? तिला कशाला सांगायचं? सांगितलं असतं तर गेली असती.

— असं काय बघताय? तुम्ही बघताय तसं नाही ते. माझी मुलगी आहे, मला कळतं तिला काय पेलतं. म्हणाली होती, बाबा, मीच फोन करून विचारू का, मी म्हटलं, अजिबात नाही, लोचटपणा करायचा नाही, त्यांना गरज असेल तर ते करतील, नाही केला म्हणजे समजायचं. आणि समजली ती. समंजस आहे. थोडे दिवस पडून राहील, मग एक बरा फोन येईल, तेव्हा मीच पहिला ओरडून सांगेन. कार्यालय म्हणावं असं कार्यालय हवं. टेबल हवं तिचं स्वतःचं.

तुम्ही स्वतः किती शिकलात, विचारलं तर चालेल? — पदवीधर? तुम्ही? कशात — भूगोलात. घ्या. भूगोल शिकून दात. आणि तुम्हाला काही वाटत नाही त्याचं? — नाही वाटत. — काय? पदवी बघूनच बोलावलं होतं तिला? म्हणजे दुसऱ्या मुलीही होत्या, आणि हिच्या रसायनशास्त्रामुळे हिला — का, कवळीच्या त्या मसाल्यांचं, पावडरींचं काय ते तिला आधीच समजत होतं म्हणून. हं. म्हणजे उपयोग झाला म्हणता त्या कागदाचा. झाला तर कशासाठी झाला, ते बघा.

हे काय काढलंत, मेणाची दाढ? — हे तिनं केलंय? तुमच्याकडे, त्या दिवशी, बसल्या बसल्या? जपून ठेवलंत तुम्ही. हलकं आहे. इथं, ही घळ, ही तर खऱ्यासारखी — घ्या, घ्या परत, माझ्या हाताच्या उबेनं मऊ पडेल. चांगली आहे. मी कधी म्हणालो तिच्या हातात कला नाही? लहानपणी खडूच्या चिमण्या करायची, मास्तर ओरडायचे. पण तुमची ती जागा मी बघून आलोय, हो, आलोय, तुम्हाला न सांगता. गॅरेजच्या मागं, तळमजल्याला, ट्यूबलाइट दिवसाही चालू, पाटीवर हसणाऱ्या दातांचं चित्र, अंगभर पांढरी भुकटी लागलेली माणसं बाहेर उभी राहून चहा पितायत. तिथं माझी पोरगी उभी राहणार, केसांत भुकटी. मला काय हवंय सांगू? हसू नका. तिनं एके दिवशी सकाळी माझ्या लिफ्टमध्ये यावं. गळ्यात कार्ड असावं, गर्दी असावी, ते साहेबही असावेत, आणि तिनं सगळ्यांसमोर म्हणावं, बाबा, वरचा मजला. बस. त्यासाठी बसलोय मी त्या स्टुलावर, नाहीतर गुडघे कधीचे सांगतायत सोड म्हणून. तुमच्याकडे यायला लिफ्ट लागत नाही बाई. तीन पायऱ्या उतरल्या की आलं.

आता उठा तुम्ही. खरंच उठा. जागा अजून रिकामी ठेवलीत हे तुमचं मोठं मन, पण दुसरी बघा, मुली मिळतात, रस्त्यावर ढीग पडलेत पदवीधरांचे, तुम्हीच उचला हवी ती. माझी नको. — नाही, तिला विचारायचं नाही. ती हो म्हणेल म्हणूनच विचारायचं नाही, एवढं साधं कळत नाही तुम्हाला? — थांबा. चप्पल वाजली. तीच आहे, ती अशीच चढते हल्ली, एकेक पायरी, म्हातारीसारखी. हे बघा, तुम्ही काही बोलू नका, मी सांभाळतो. ती दाढ पर्समध्ये टाका. टाका आधी.

ये गं. एवढा वेळ लागला? कपडे तिथं ठेव, चुरगळतील. — हो, त्याच. ओळखलंस ना, त्या दातांच्या लॅबवाल्या बाई. आपल्याकडेच आल्यात, मुद्दाम. सांगायला आल्यात गं, की ती जागा — ती भरली. दुसरी मुलगी घेतली त्यांनी, अनुभव होता तिला. बघ, मोठ्या ऑफिसांना एक ओळ लिहायला होत नाही आणि या बिचाऱ्या जिना चढून सांगायला आल्या, चांगली माणसं असतात अजून. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यात काही कमी नव्हतं, तेही म्हणाल्या त्या, हेच म्हणत होत्या आत्ता, दार वाजलं तेव्हा. हो ना बाई? सांगा ना तिला. — अगं, माझ्याकडे काय बघतेस, त्यांच्याकडे बघ, त्या सांगतायत. सांगा बाई, जागा भरली म्हणून. एवढंच तर सांगायचंय. — बाई.

अहो, बोला ना काहीतरी.