आई की सासरे, शुक्रवारी पाचच्या आत

...नाही, पण मी म्हणतो, माणसाला काय काय निवडायला लावावं याला काही मर्यादा? चष्म्याची सोय हवी की दातांची, विचारा. जिमचं सभासदत्व हवं का, खुशाल विचारा, मी नाही म्हणणार, ते तुम्हाला माझ्याकडे बघून कळलंच असेल. पण आई की सासरे? आणि तेही शुक्रवारी पाचच्या आत?

तुम्हाला सांगतो, मी रंगाच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे, सतरा वर्षं झाली. कुठला डबा कुठल्या ट्रकमध्ये चढवायचा हे मी ठरवतो, आणि त्यात माझा हात कोणी धरत नाही. पण वर्षातून एकदा आमच्या एचआरच्या बाईंचा मेल येतो. त्यांना आम्ही ‘कृपया’ म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. ‘कृपया आपले वर्षभराचे लाभ निवडावेत. कृपया नोंद घ्यावी, पोर्टल शुक्रवारी पाच वाजता बंद होईल. कृपया नंतर येऊन गळ घालू नये.’ एरवी मी ‘मागच्या वर्षीचंच ठेवा’ या बटणावर बोट टेकवतो आणि चहाला जातो. यंदा मात्र पालकांचा आरोग्य विमा आला, पहिल्यांदाच, आम्ही सगळे खूश, आणि मग मी खालची ओळ वाचली. ‘आई-वडील किंवा सासू-सासरे.’ त्या ‘किंवा’नं माझ्या तोंडचं पाणी पळालं.

का ते ऐका. माझे वडील नाहीत, आई आहे, आमच्याजवळच असते, आणि तिचा उजवा गुडघा पार गेलाय. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, यंदा बदला, नाहीतर पुढच्या वर्षी जिना विसरा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाईही नाहीत, सासरे आहेत, समोरच्या इमारतीत एकटे, निवृत्त टाइमकीपर, हृदयात एक स्टेंट घातलेला आणि दुसऱ्याचं ‘बघू’ चाललंय. माझ्या पगारात यातलं काहीही बसत नाही. बायको पाळणाघर चालवते, तिला कामाचा लाभ म्हणाल तर बारा महिने सर्दी. आणि या आई-सासऱ्यांचं नऊ वर्षं बोलणं नाही. कशावरून? लग्नाच्या फोटोत मधे कोण उभं राहिलं यावरून. मधे फोटोग्राफरचा मामा उभा आहे, ते वेगळंच.

आता तुम्हाला वाटेल दोघं भांडली असतील. भांडली असती तर बरं झालं असतं हो, दोघांनी त्याग सुरू केला. आई म्हणाली, “त्यांचंच भर बाबा. हृदय आहे ते. हृदयापुढे गुडघा म्हणजे काय... मी आपली घरात बसून राहीन, खिडकीतून दिसतं तेवढं बघेन.” आणि असं म्हणून स्वयंपाकघरात गेली, कशी? भिंतीला धरून, माझ्यासमोरून, सावकाश. तिकडे सासरे फोनवर, “जावईबापू, मातोश्रींचं बघा आधी. माझं काय, एक दिवस गजर वाजायचा थांबेल, इतकंच.” टाइमकीपर ना! मी बायकोला म्हटलं, तू सांग. ती पोळी लाटत होती, मान वर न करता म्हणाली, “तुला योग्य वाटेल ते कर.” ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ मी सांगायला नको.

आणि दिवस काय थांबतात? सोमवार गेला, मंगळवार गेला, कृपयाबाईंचा रोज मेल, शुक्रवारी पाच, शुक्रवारी पाच... गुरुवारी मी पांढऱ्या रंगाच्या डब्यांचा अख्खा ट्रक शाळेऐवजी इस्पितळाकडे पाठवला. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवार. चार वाजता फॉर्म उघडला. आईच्या नावापुढे खूण केली, सासरे डोळ्यांसमोर आले, काढली. सासऱ्यांच्या केली, आईची ती भिंतीला धरलेली बोटं दिसली, काढली. असं इतक्या वेळा केलं की पोर्टलनंच मला बाहेर काढलं, ‘आपण बराच वेळ काही करत नाही आहात.’ मी काही करत नाही? मी आतल्या आत फाटत होतो हो!

पाचला वीस कमी असताना उठलो आणि गेलो कृपयाबाईंच्या केबिनमध्ये. म्हटलं, बाई, माझ्याच्यानं होत नाही, तुम्हीच एक निवडा. त्यांनी चष्मा वर केला. “कृपया बसा. तुमच्याकडे एकूण किती आहेत?” म्हटलं, एक आई, एक सासरे. “म्हणजे दोनच?” दोनच. “मग दोघांनाही भरा की. जागा दोन आहेत, कोणीही दोघं चालतात. ‘किंवा’ चौघं असणाऱ्यांसाठी आहे. पान चौदा.” मी तेरा पानं वाचली होती! म्हटलं, मेलमध्ये लिहायचं ना. तर म्हणतात, “कृपया विचारायचं ना.”

त्यांनीच भरलं. चार छप्पन्नला पडद्यावर हिरवी खूण आली आणि माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन जिन्यावर बसलो, डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. घरी फोन केला, बायको नुसती नाक ओढत होती, आणि ती सर्दी नव्हती.

संपलं म्हणता? आठवड्यानं कार्ड आलं. दोघांची नावं एकाखाली एक, आणि खाली बारीक अक्षरांत, रक्कम दोघांत मिळून एकच. एकानं जास्त वापरली की दुसऱ्याला कमी. आईनं ते भिंग लावून वाचलं आणि नऊ वर्षांनी समोरच्या इमारतीत फोन लावला. “व्याही, मी बोलतेय. आज फिरायला गेला होतात का? ...मग जा. आणि भजी तळल्याचा वास आला मघाशी, तुमच्याकडून नव्हता ना?” दुसऱ्या दिवशी सासरे हजर, हातात घड्याळ, “विहीणबाई, पाय सरळ, दहा मोजा. आधीच ताकद आली तर इस्पितळात दोन दिवस कमी लागतील.” आता रोज येतात, बरोबर साडेसहाला, एका सोफ्यावर बसतात, एकमेकांची औषधं तपासतात. गुडघ्याची तारीखही मिळाली, पुढच्या महिन्यातली. घरात इतकी शांतता आहे की मला पाहुणा असल्यासारखं वाटतं.

पण परवा... त्या चुकलेल्या ट्रकवरून साहेबांनी मला सगळ्यांसमोर झाडलं. मीही माणूस आहे. घरी आलो, डबा आपटला आणि म्हटलं, बस झालं, सोडतो ही नोकरी. दोघं सोफ्यावरून माझ्याकडे बघायला लागली. नऊ वर्षं या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं.

सासरे म्हणाले, “आधी त्यांचा गुडघा होऊ द्या.”

आई म्हणाली, “मग त्यांचं हृदय आहे.”

सकाळी गेलो कामावर... दहा मिनिटं लवकरच.