भर दर्यातलं सुतक

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या बोटीच्या कप्तान सुनेत्राताई, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, मच्छीमार नगरातून हातातली कामं टाकून आलेले बंधुभगिनी, लोअर परळच्या चाळीतली माझी माणसं, आणि आजचे सत्कारमूर्ती, आमचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, तुळशीदासकाका, या सर्वांना गंगाधरचा नमस्कार.

काका आज शिडाच्या बोटींच्या या क्लबच्या नोकरीतून मोकळे होताहेत. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. चाळीतला माणूस दोन शब्दांत कधी आटोपलाय का? पण आज जपून बोलतो, विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

संप झाला तेव्हा माझे वडील, कुशाबा, गिरणीत साचाखात्यात, मागावर होते. गिरणी गेली आणि ते गॅलरीत बसले ते बसलेच. मला क्लबात शिडं धुण्याचं काम लागलं. दोर कसा धरायचा, इथपासून सगळं काकांनी शिकवलं. पुढे मुंबई ते मोंबासा अशी शिडाच्या बोटींची रॅली निघाली, तीत आमचीही बोट होती. निघताना वडील अंथरुणावरून एवढंच म्हणाले, "बदली इल्याशिवाय साचो सोडू नको हां."

तुम्हाला वाटेल, शिडाची बोट म्हणजे श्रीमंतांची मौज. अहो, ती गिरणीच! पाळ्या लावलेल्या. बदलीला आलेल्याचा हात सुकाणूला लागल्याशिवाय आपला काढायचा नाही. आंघोळीला खारं पाणी, भांड्यांनाही तेच. चहा अर्धाच ग्लास, पुरा भरला तर मांडीवर. झोपायचं तर फळीला बांधून घेऊन. संध्याकाळी सगळ्या बोटी रेडिओवर एकमेकींची खुशाली आणि किनाऱ्याची खबर घ्यायच्या, ते काम काकांचं. रांधणंही त्यांचंच. मागे गळ सोडलेला असायचा आणि दुपारी ताजं कालवण.

निम्मी वाट सरली असेल. एका संध्याकाळी काका रेडिओवरून उठले आणि त्यांनी गळ ओढून घेतला. त्या दिवसापासून आमटी-भात. विचारलं तर म्हणाले, "मन नाय." कोळ्याचं मन माशावरून उडालं! मी फार चिडवलं त्यांना. "काका, माळ घातलीत की काय?" म्हटलं. ते हसले नाहीत. उघड्या फळीवर निजायचे, दाढी वाढलेली, आणि जेवायला बसण्याआधी मूठभर भात दर्याला द्यायचे. ताई, तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्हीही गप्पच राहिलात.

मोंबासाच्या धक्क्याला बोट लागली. दोर बांधून झाल्यावर काकांनी मला खाली बसवलं आणि सांगितलं. माझे वडील गेले होते. अग्नी धाकट्या भावानं दिला होता. ती बातमी त्या संध्याकाळी रेडिओवर आली होती. काकांच्या घरची रीत अशी, की होडी पाण्यात असेतो तिच्यावरच्या माणसाला घरचं मरण सांगायचं नाही. त्याचं चित्त किनाऱ्याकडे ओढतं आणि होडी बुडते.

मी धक्क्यावर सगळ्यांदेखत ओरडलो, "माझा बाप होता, काका! कोणाला विचारून लपवलंत? आणि मग तुम्ही मासे का टाकलेत?"

काका म्हणाले, "तुला ठावं नव्हतं रं. मंग कोनीतरी सुतक पालाला नको काय?"

मंडळी, तांडेलानं केलं ते बरोबर की चूक? मला आजही वाटतं, सांगायला हवं होतं. बाप गेला होता आणि मी थट्टा करत होतो, हे मनातून जात नाही. काकांना हे मी कितीदा बोलून दाखवलंय, ते ऐकून घेतात. पण माझ्या बापाचं सुतक एक दिवसही रिकामं गेलं नाही. माझ्या जागी बदली उभी होती.

येत्या थंडीत याच बोटीवर मी तांडेल म्हणून निघतोय. काका, तुमचं आता वय झालं. सोनूबाईकाकू, म्हणून सभेसमोर तुमच्याकडे एक मागणं मागतो. मी दर्यात असताना काकांचं काही बरंवाईट झालं, तर घरची रीत मोडा, पण मला रेडिओवर कळवा. सुकाणू माझ्या हातून सुटणार नाही, शब्द देतो. फक्त मासे मला टाकू द्या.

शुभ प्रसंगी अभद्र बोललो, ते सभेनं पोटात घालावं. एवढा वेळ शांतपणे ऐकलंत, मी आपला ऋणी आहे. काकूंनी तिथून होकाराची मान हलवली, ती मला दिसली. आता मी बसतो.