पहिला निळा शब्द

...नाही, पण मी म्हणतो, पहिला निळा शब्द दिसला की तो दाबलाच पाहिजे, असं कुठं लिहिलंय का हो? कुठंच नाही! पण रामदासला सांगणार कोण? तुम्हाला सांगतो, हा माणूस दिघाशीचा, माझा शेजारी, बावीस वर्षं निजामपुऱ्यात लूम चालवतोय, आणि या महिनाअखेरीस शेठ सगळे लूम भंगारात काढून तिथं गोदाम करणार, म्हणजे एक तारखेपासून रामदास घरी! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विणकराला दुसरी ड्युटी कोण देतंय? तेवढ्यात एका प्रशिक्षण केंद्रात लूम शिकवणाऱ्याची जागा निघाली. जागा एक, माणसं बारा, मुलाखत सकाळी अकराला! आणि हा माझ्या रिक्षातनं उतरून केंद्राच्या बाकड्यावर बसला तो मोबाइलात डोकं घालून निळे शब्द दाबत!

लेकीनं दिलं ना लावून! सोनल कॉलेजात जाते. सकाळी म्हणाली, "बाबा, हात चांगलाय तुमचा, पण ते थेअरी विचारणार. हा नेटवरचा ज्ञानकोश. लूमचं पान उघडून दिलंय, एवढंच वाचा." एवढंच! अहो, पानभर मजकूर, त्यात मधेमधे निळे शब्द, दाबला की दुसरं पान...

आता यात त्याची चूक नाही. म्हणजे आहेच! पण तुम्ही कधी लूमवर उभे राहिला नाहीत, म्हणून सांगतो. चालत्या लूमवर उभा धागा तुटला की दोन हजार धाग्यांतनं ते तुटकं टोक हुडकायचं, चिमटीत धरायचं आणि मागं मागं जात थेट बीम गाठायचा. बीम म्हणजे मागचा तो मोठा रूळ, सगळे धागे तिथनं सुटतात. मधेच दुसऱ्या धाग्याला बोट लागलं? झाला गुंता! म्हणून त्याच्या उस्तादानं पहिल्या दिवशीच कानात भरलेलं, "रामदास, जो धागा पहले हाथ आया, उसको छोडने का नहीं!"

मोबाइलातही नाही सोडला! 'लूम म्हणजे कापड विणण्याचं यंत्र.' कापड निळं, दाबलं. कापड म्हणजे तंतूंचं अमुकतमुक. तंतू निळा, दाबला. तंतू म्हणजे पदार्थ... आतनं शिपाई ओरडला, "पाच नंबर!" रामदासचा नऊ.

मी म्हटलं, "अरे, मागं ये! लूमचं वाच!"

"थांब रं, धागा हातात हाय. मागं बीम असंलच ना कुठंतरी?"

पदार्थावरनं विज्ञान. "सहा नंबर!" विज्ञानावरनं ज्ञान. मी सारखा दाराकडं बघतोय, आणि हा शांत! "सात नंबर!" ज्ञानावरनं थेट तत्त्वज्ञान! अहो, कापडावरनं निघालेला माणूस तत्त्वज्ञानात! मी म्हटलं, झालं, टोक मिळालं, आता तरी उतर खाली. छे! उसको छोडने का नहीं! तत्त्वज्ञानातला पहिला निळा शब्द अस्तित्व. दाबला. अस्तित्वावरनं वास्तव. वास्तवावरनं... परत तत्त्वज्ञान! पुन्हा दाबून बघितलं. फिरून तिथंच! तिसऱ्यांदा दाबलं. तिथंच! तुम्हाला सांगतो, रामदासचा चेहरा असा पांढरा मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता. माझं मनगट धरलं आणि म्हणतो, "ह्याला बीमच न्हाय रं..."

"नऊ नंबर!"

गेला आत. मी खिडकीला डोळे-कान लावून. आत दोन साहेब, एक मॅडम. साहेबांनी काय विचारावं? "चालत्या लूमवर धागा तुटला, तर काय कराल?" अहो, हाच! हाच प्रश्न! झोपेतसुद्धा त्याची बोटं हे करतात, कौसल्यावहिनींच्या पदराचे दोरे ओढतात! मी बाहेर दातओठ खातोय, बोल ना, टोक शोधतो, गाठ मारतो, फणीतनं ओवतो, लूम चालू... चार शब्दांत नोकरी!

मग रामदासचा आवाज, पार विहिरीतनं आल्यासारखा. "साहेब... तुटला, हे कुनी ठरवलं?"

"म्हणजे?"

"म्हंजी, धागा आधी व्हता, असं आपन धरून चाललोय. मी बघून आलोय साहेब. आत्ताच. समदं मागं मागं जात एकाच जागी जातंय, आनि तिथं बीमच न्हाय."

मी कपाळावर हात मारला! आता शिपायाला बोलावून बाहेर काढणार. पण नाही हो! साहेबांनी पेन खाली ठेवलं. मॅडमनी चष्मा काढला. आणि साहेब एकदम अदबीनं विचारतात, "आपलं शिक्षण किती झालंय?"

"आठवी."

तिघं एकमेकांकडं बघून हसले! साहेब म्हणाले, "हे बघा, लपवू नका. तुमच्यासारखे मोठ्या डिग्र्यांचे लोक असे येतात आणि दोन महिन्यांत सोडून जातात. ही जागा हातानं काम करणाऱ्या गरजू माणसाची आहे. त्याच्या पोटावर पाय का आणता?"

रामदास उभा राहिला. दोन्ही हात टेबलावर पसरले, बोटांना बावीस वर्षांचे घट्टे. "साहेब, ही बोटं बघा. मीच हाय तो मानूस. एक तारखेला लूम बंद व्हतायत..." मला बाहेर ऐकवेना.

आणि मॅडम म्हणतात, "किती साधे आहात तुम्ही! एवढं शिकून स्वतः लूमवरही उभे राहिलात!"

"दहा नंबर!"

दिघाशीला पोचलो तर वहिनी दारातच, हाताला पीठ तसंच.

"मिळाली?"

"न्हाय."

"का वो?"

"लय शिकलोय म्हनाले."

वहिनींनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कोन? तुमी?"

"व्हय. तिघंपन म्हनाले."

वाटलं, आता रडणार. रडायचंच की, घर चालायचं कसं? पण बाईनं पदराला हात पुसले, पायात चपला सरकवल्या आणि विचारलं, "लेखी दिलंय?"

"न्हाय."

"मंग मागून घ्यायचं ना! त्या कागदावर दुसरीकडं कुठंतरी नोकरी लागली असती!" आणि माझ्याकडं वळून म्हणते, "भावजी, रिक्षा वळवा."

मी काय करणार? वळवली.