ढोलाला जोडीदार

शिरूरच्या एसटीत हर्षदानं धनगरी गजी नाचाचा ढोल वाजवणाऱ्या मल्हारीमामांच्या कानाला मोबाईल धरला. मागच्या सीटवरच्या अनुपमाचे कान आपसूक तिकडं गेले.

“मामा, नेटवरनं फंकचे, म्हंजे परदेशी नाचऱ्या तालाचे, तीन फुकट सॅम्पल पॅक उतरवलेत; वाजवलेले तयार तुकडे, गाण्यात फिरवून फिरवून लावायचे. एकावर तरी तुमी वाजवलं, तरच माझं गाणं व्हईल.”

“ह्यो पत्र्यावानी वाजतोय.”

“आन् हा?”

“फिरून सुरू होताना ठेचकाळतोय. फुकट हाय म्हनून कायबी घ्यायचं व्हय?”

“हा शेवटचा. गाण्यात वापरायची परवानगीबी हाय. पण ड्रमवाला तालात जरा मागं पडतोय, मोबाईलवर सरळ करते.”

“हात लावू नगंस! मागं न्हाई पडला, डुलतोय त्यो. परत लाव.”

“परत?”

“लाव गं. काय हात हाय गड्याचा!”

अनुपमानं वाकून पाहिलं. मामांची बोटं गुडघ्यावर नाचत होती.

“पोरी, ढोल कवा आनू?”