घुबैराच्या किल्ल्यात सरळ वाट नाही

समारंभाचे अध्यक्ष माननीय हाकिमसाहेब, व्यासपीठावरील आदरणीय शेख मंडळी, सत्कारमूर्ती आमचे खलफानकाका, बंधूंनो, आणि पडद्यापलीकडे बसलेल्या सर्व माता व एक सोडून सर्व भगिनींनो,

हसू नका. ती एक कोण, ते ओघात येईलच.

घुबैराच्या किल्ल्याची राखण आणि डागडुजी आयुष्यभर करून काका उद्या लेकीला घेऊन मस्कतला राहायला निघाले. त्यांच्याविषयी मी काय बोलावं? प्राध्यापकांशी भांडून, निझवाचं कॉलेज अर्ध्यावर टाकून आलेला मी. काकांच्या हाताखाली कामाला लागलो, आणि पहिल्याच दिवशी किल्ल्याच्या दारात कपाळ आपटलं. काका म्हणाले, "दिंडी मुद्दाम ठेंगणी ठेवलीय, बाबा. शत्रूची मान आधी वाकावी म्हणून. तुझी तर दुप्पट वाकवायला हवी!"

मान वाकवून आत शिरलो. सज्जनहो, माती ती केवढीशी! आपल्याच खजुराच्या बागेतली. तिच्या विटा, तिचंच लिंपण, आणि बुरूज असे की बघताना मान दुखावी. दिंडी ओलांडली की बोळ काटकोनात वळतो. डोळ्यांपुढे अंधार, आणि नेमका डोक्यावर झरोका. वेढा पडला की त्यातून खजुराचा उकळता पाक ओतायचे. पाक कुठला? शेजारच्याच कोठारातला. खजुराची पोती एकावर एक रचायची, खालच्या पन्हाळीतून तो आपसूक झिरपतो. पुढे जिना. मधली फळी ओढली की चढणारा थेट खड्ड्यात. मी तिथे गांगरून उभा, तर काका वरून ओरडले, "कॉलेज अर्ध्यात सोडलंस, जिना तरी पुरा चढ!" आणि विहीर? ती अगदी पोटात, बायकामुलांच्या खोल्यांना लागून. कुणाच्या डोक्यात आलं असेल हो हे सगळं? अजूनही त्या चौकात उभा राहिलो की मला आपोआप पायातल्या वहाणा काढाव्याशा वाटतात.

या किल्ल्याचे नकाशे काढते काकांची मुलगी, झुवैना. मी मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायचो. आता कळलं, ती एक कोण?

गेल्या महिन्यात मी तडक काकांच्या घरी जाऊन तिला मागणी घातली. एकटाच! बरोबर ना वडील, ना चुलते. काका गरजले, "एकटा? अरे, किल्ल्यावर चाल करायलासुद्धा माणसं घेऊन येतात!" निघालो मान खाली घालून. झुवैना दाराआडून म्हणाली, "किल्ल्यात इतका वावरलास, तरी सरळ कशाला घुसलास, वेड्या? वळून ये."

म्हणून आज वळून आलो. वडील, चुलते पहिल्या रांगेत बसलेत. हाकिमसाहेब, आपणही माझ्याच बाजूचे, असं धरून चालतो. काका, मघाशी तुमच्या हातून घेतलेला हा कहवा मी जमिनीवर ठेवतो. मागणं मान्य झाल्याशिवाय आपल्यात पाहुणा घोट घेत नाही. तुम्ही उत्तर न देताच उद्या निघालात, तर हा पेला इथेच राहील, आणि मीही.

…काय म्हणालात, काका? जरा मोठ्यानं…

"पी, गाढवा, गार होतोय!"

ऐकलंत ना सगळ्यांनी?

मंडळी, एवढा वेळ ऐकून घेतलंत, ऋणी आहे. निरोपाच्या सभेत भलतंच मागून बसलो. जीभ सैल सुटली असेल, मोठ्यांचा मान राखायला चुकलो असेन, तर पोटात घाला. आता बोलणं पुरे. कहवा पितो.