चाळीस मिनिटांतली सात सेकंदं

नाही, मला एक सांगा, ओढ्याच्या पाण्याला अमृत म्हणणारा माणूस तुम्हाला माझ्यासारखा दिसतो का? हे हात बघा, तीस वर्षं रास्पबेरी तोडून तोडून नखं कायमची लाल झालीत... आणि अख्खं गाव म्हणतं, तिहोमीर फितूर झाला! अहो, चाळीस मिनिटं बोललो हो मी, चाळीस मिनिटं!

तुम्हाला सांगतो, वर डोंगरात खाण सुरू झाली आणि आमच्या ओढ्याची झाली कॉफी. खाली बोटभर गाळासकट! तेच पाणी नळ्यांतून झाडांना... पानं पिवळी, फळ वाटाण्याएवढं. तर जिल्ह्याच्या टीव्हीची पोरगी आली, तियाना, हातात ते माइकचं दांडकं. “काका, मनात असेल ते बोला, बिनधास्त बोला!” आता आल्या पाहुण्याला कोरड्या घशानं कसं बोलायला लावायचं? म्हणून प्लमची दारू काढली, एक पेला तिला, एक कॅमेरावाल्याला, तीन मला... आणि सुटला की तोंडाचा पट्टा! खाण काढली, गाळ काढला, टीव्हीचा मालक हा खाणमालकाचा मेहुणा आहे तेसुद्धा काढलं, तिच्या तोंडावर! ती आपली मान डोलावतेय, “हो ना काका, खरंय काका.” आणि जाता जाता काय विचारावं? “मग काका, पाणी एकंदरीत कसं आहे?” एकंदरीत! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, “पाणी? अमृत आहे बाई, अमृत! पी ग्लासभर, देव तुझं भलं करो!”

संध्याकाळी बातम्या. किती दिसलो मी? सात सेकंदं! “अमृत आहे बाई, अमृत!” आणि खाली पट्टी, ‘शेतकरी समाधानी’. बायको, स्तामेना, माझ्याकडे बघते, टीव्हीकडे बघते. “चाळीस मिनिटं हेच सांगत होतास होय रे तिला?”

आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे मोबा! मोबा म्हणजे तुमची इर्जिक हो, आज सगळ्यांनी माझ्या मळ्यात तोडणी करायची, उद्या तुझ्या. वीस माणसांसाठी अख्खं कोकरू भाजलेलं. सहा वाजले, सात वाजले, आठ वाजले... चिटपाखरू नाही! बरं, रास्पबेरी म्हणजे काय बटाटा आहे, थांब म्हटलं की थांबायला? दोन दिवस गेले की गळाली. आम्ही दोघं नवराबायको आणि समोर बारा रांगा. एका रांगेत हात चालतोय तोवर दुसऱ्या रांगेतलं फळ मातीत. रडू आलं हो मला, खोटं कशाला सांगू? आणि कुंपणापलीकडे मिलोय्को, माझ्या लग्नातला साक्षीदार, हा ओरडतो, “अमृत घाल की झाडांना!”

“अरे मिलोय्को, चाळीस मिनिटं बोललो रे मी!”

“मग तेवढी सात सेकंदं गप्प बसायला काय झालं होतं?”

हे मात्र मला पटलं. केला टीव्हीला फोन, म्हटलं बातमीची दुरुस्ती पाहिजे. आली पोरगी, हसत हसत. या वेळी दारू नाही, काही नाही. हाताची घडी, तोंडाला कुलूप. “बोला ना काका!” हूं नाही की चूं नाही. ओढ्याकडे साधं बोटसुद्धा दाखवलं नाही, न जाणो, त्या बोटाचं काय करतील! संध्याकाळी बातमी काय? ‘आनंदानं शेतकऱ्याला शब्द फुटेना’! आणि वर माझं हे तोंड, दाढ ठणकत असल्यासारखं!

पण ते तोंड बघून गावाला कळलं एकदाचं. सकाळी मिलोय्को दारात, मागे वीस माणसं. “चला आनंदीराव, क्रेट कुठायत?” कोकरू तर आम्ही दोघांनी तीन दिवस खाऊन संपवलेलं, त्यामुळे नुसता घेवड्याचा रस्सा. पण कुणी नाक मुरडलं नाही. अर्धं पीक गेलं होतं, तरी मला वाटलं, चला, माणसं परत आली.

तेवढ्यात वळणावर टीव्हीची पांढरी गाडी! येणारच हो, इतका आनंदी माणूस त्यांना दुसरा कुठे मिळणार? कुणी कुणाला काही सांगितलं नाही... सगळे फटाफट खाली! तेवीस माणसं झुडपांच्या रांगांत उकिडवी, श्वास रोखून. ती बिचारी फिरतेय, “काका? अहो काका? कुणी आहे का?” मिलोय्कोला हसू फुटायला लागलं, मी त्याच्या तोंडात मूठभर रास्पबेरी कोंबल्या. चाळीस मिनिटं बसलो हो आम्ही तसे, चाळीस मिनिटं!

संध्याकाळी बातमी... ‘आमच्या प्रतिनिधीनं गावभर शोध घेतला, पण खाणीबद्दल तक्रार असलेला एकही माणूस सापडला नाही.’

आता सांगा, काय बोलणार? पहिल्यांदाच खरं बोलले हो ते!